कॅसेटचा बाप्तिस्मा

सकाळचा प्रकाश आमच्या लाँड्रीत कधीच घाईने येत नसे. आधी तो समोरच्या बेकरीच्या पत्र्यावर टेके, तिथे थोडा रेंगाळे. मग रस्ता ओलांडून आमच्या मोठ्या काचेपाशी येई आणि काचेवर रंगवलेल्या अक्षरांच्या सावल्या फरशीवर लांबवर पसरून ठेवी. सव्वासातला तो पहिल्या ओळीतल्या मशीनच्या पायांशी असे. साडेसातला गोल झाकणांपर्यंत चढे, आणि मग एकेका झाकणाच्या काचेत एकेक लहानसा, फिकट सूर्य उगवे. मशीन बारा होती, सूर्य अकरा. सातव्या मशीनवर ‘बंद आहे’ असा कागद वर्षभर चिकटवलेला होता, त्याच्यामागे काही उगवत नसे. कपड्यांतून सुटलेले तंतू हवेत तरंगत, साबणाच्या पावडरीचा गोडसर वास त्या तंतूंना चिकटून खाली येई, आणि आठच्या सुमारास सारा प्रकाश एकदम साधा, रोजचा होऊन जाई. त्याच्यात विशेष असे काही नव्हते. बॉइल हाइट्स या आमच्या वस्तीतल्या प्रत्येक काचेत तो तसाच येत असणार. पण मी एकवीस वर्षांचा होतो, मला बोलणे जमत नसे, आणि न बोलणाऱ्या माणसापाशी पाहत बसायला पुष्कळ वेळ उरतो.

लाँड्री माझ्या मावशीची, तिया ओतिलियाची. सकाळची पाळी माझी. लाँड्रीच्या मागच्या खोलीत तिचे दोन मुलगे, रिगो आणि फेर्मिन, आणि मी मिळून आमचा पहिला अल्बम तयार करत होतो. आमच्या गटाचे नाव ‘पातियो त्रासेरो’, म्हणजे परसदार. रॅप ते दोघे करीत. अर्धी ओळ स्पॅनिशमध्ये, अर्धी इंग्रजीत, जशी आमच्या गल्लीत माणसे भांडतात तशी. माझे काम ताल जुळवण्याचे. जुन्या तबकड्यांतला, रस्त्यावरचा, कुठलाही दोन क्षणांचा आवाज कापून घ्यायचा आणि यंत्रात घालून तो गोल गोल फिरवत ठेवायचा. फेर्मिन कपड्यांच्या कपाटात, हिवाळी कोटांच्या मध्ये माइक धरून उभा राही, म्हणजे बाहेरची वर्दळ आत येत नसे. विजेच्या बिलाचा भार तियाने उचलला होता. तिची अट एकच, एका गाण्यात तीनच शिव्या. चौथी आली की ती पलीकडून भिंतीवर लाटणे आपटी.

नऊ गाणी झाली होती. दहाव्याला ताल सापडत नव्हता.

मार्चमधल्या एका शनिवारी, अकराही सूर्य उगवून झाल्यावर, कोपऱ्यातल्या ड्रायरमधून मला तो ऐकू आला. टक्... टक्-टक्... आणि मग एक लहानसा अडखळा, जणू कुणी पायरी चुकले आणि हसले. मी टेपरेकॉर्डर घेऊन धावलो आणि ड्रायरच्या झाकणाला कान लावून उभा राहिलो.

“काय हो डॉक्टर, वाचेल ना ती?”

मी दचकून मागे वळलो. एक मुलगी टोपली कमरेवर टेकवून उभी होती. केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, बाहीला निळ्या-पांढऱ्या दोऱ्यांची तुटकी टोके चिकटलेली.

“ही... ही टकटक—”

“माझ्या पँटचं बटण आहे. पितळी. मीच लावलंय. चोरायचा विचार असेल तर आत्ताच सांग, पोलिसांना उगाच त्रास नको.”

“बटण नको. आवाज हवाय.”

“नुसता आवाज?” तिने डोळे बारीक केले. “म्हणजे पँट मला ठेवणार, आणि आवाज तू नेणार?”

“हो.”

“बरंय बाई. मुलांनी आजवर फोन नंबर मागितला, नाचायला हात मागितला. बटणाचा आवाज मागणारा तू पहिलाच.” मग किंचित थांबून, “घे. पण माझ्या देखत घे. आत काय काय कापतोस ते मला बघायचंय.”

तिचे नाव आरासेली. शहराच्या मध्यवस्तीतल्या एका शिवणकारखान्यात ती कॉलर आणि बटणे लावण्याचे काम करी आणि दर शनिवारी सकाळी आमच्याकडे धुणे घेऊन येई. मला ती आधी कधी दिसली कशी नाही, याचे उत्तर फार सोपे होते: तोवर ती दोन गल्ल्या पलीकडच्या लाँड्रीत जात असे. आता मात्र ती तिकडे जात नव्हती.

पुढच्या शनिवारी मी तिच्या कानांवर हेडफोन ठेवले. ठेवताना तिची एक बट त्यात अडकली. ती सोडवायला माझा हात पुढे गेला आणि हवेतच थांबला... तिने स्वतःच ती सोडवली आणि डोळे मिटले. तिचे बटण आता एका जाड, खोल सुराच्या पाठीवर बसून फिरत होते. ऐकता ऐकता तिचे बोट माझ्या मनगटावर ताल धरू लागले, आणि ते तिच्या ध्यानात आले नाही, किंवा आले असेल.

“इतकंच?” तिने डोळे न उघडता विचारले. “फिरून फिरून तेच?”

“फिरून फिरून तेच.”

“कंटाळा नाही येत?”

“नाही,” मी म्हणालो. “मला नाही येत.”

तिने डोळे उघडले आणि गरजेपेक्षा क्षणभर अधिक माझ्याकडे पाहिले. मी यंत्राच्या बटणांवरची धूळ पुसू लागलो.

त्यानंतरचे शनिवार मला एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. ते सगळे एकाच लांब सकाळीसारखे आठवतात. ती येई, धुणे आत टाकी, आणि चाळीस मिनिटे माझ्यासमोरच्या बाकावर पाय दुमडून बसे. एकदा तिने सांगितले, “आमच्याकडे जेवणाची सुट्टी होते ना, तेव्हा चाळीस मशीन एकदम थांबतात. तो आवाज कर की रेकॉर्ड.”

“कुठला?”

“थांबल्याचा.”

मी हसलो, पण त्या आठवड्यात दहाव्या गाण्याच्या मध्यावर मी सारे काही थांबवले. चार ठोक्यांएवढी शांतता, आणि मग पुन्हा ते बटण. रिगोने ते ऐकले, टोपी काढली, आणि म्हणाला, “प्रिमो, मावसभावा, हे तू केलेलं नाहीस. एवढी अक्कल तुला कधी होती? कोण आहे ती?”

“कुणी नाही.”

“कुणी नाही, शनिवारी येते, पावणेआठला,” फेर्मिन कपाटातून म्हणाला. “कुणी नाही यायच्या आधी हा दाढी करतो.”

मे महिन्यात नीलमोहर फुलले. आमच्या फुटपाथवर इतकी जांभळी फुले पडत, की तिया रोज दोनदा झाडू मारी आणि दोनदा हार मानी. आरासेली दारातून आत येई तेव्हा एखादे फूल तिच्या टोपलीत, चादरीच्या घडीवर बसून आलेले असे. मी ते उचलून बाजूला ठेवी. ती काही म्हणत नसे. माझ्या खणात अशी सात फुले सुकत पडली होती, आणि आठव्या फुलापूर्वी तिला सांगून टाकायचे असे मी ठरवले होते.

याच सुमारास तियाच्या डोक्यात एक कल्पना आली. आमच्याकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस असो किंवा लग्न, एका घरावर सारा भार पडत नाही. एकजण केकचा पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता, होतो, एकजण बँडचा, कुणी फुलांची माद्रिना, म्हणजे धर्ममाता, कुणी चपलांची. नात्याला नावही मिळते आणि कामही होते. “मग तुमच्या अल्बमनं काय पाप केलंय?” तिया म्हणाली. आणि आठवडाभरात खाटीक डॉन हिलारिओ मुखपृष्ठाचे पाद्रिनो झाले, बेकरीवाल्या डोन्या सोलेदाद पावाच्या माद्रिना झाल्या, आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याने रिकाम्या कॅसेटी आणून टाकल्या. मुखपृष्ठावर आमच्या परसातल्या दोरीचा फोटो ठरला. अल्बमचे नावच ‘रोपा तेन्दिदा’, वाळत घातलेले कपडे.

“पहिली पोर आहे आपली,” रिगोने जाहीर केले. “कॅसेटी छापून आल्या की थाटात बाप्तिस्मा करायचा.”

म्हणून ते सारे ठरवायला एका रविवारी दुपारी सगळे परसात जमले. आरासेलीही आली होती. एका उलट्या टोपलीवर बसून ती संत्रे सोलत होती. तिने अर्धे माझ्या हातावर ठेवले आणि इतरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “तू काल काहीतरी सांगणार होतास.”

“हो.”

“मग?”

संत्र्याचा रस माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता. मी तोंड उघडले...

“प्रिमो!” रिगो पलीकडून ओरडला. “सगळं ठरलं, मुख्य माद्रिना राहिली. पोरीला कडेवर कोण घेणार? ताल तुझा, म्हणजे बाप तू. नाव तूच सांग!”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या जिभेवर त्या दिवशी एकच नाव होते.

“आरासेली,” मी म्हणालो.

टाळ्या झाल्या. डॉन हिलारिओंनी शिट्टी वाजवली. मला वाटले, मी तिला माझ्याजवळचे सर्वांत मोठे ते दिले. पण तिचा संत्रे सोलणारा हात थांबला होता, आणि तियाचा घेवड्याच्या भांड्यातला डावही. आरासेली उठली. स्कर्टला हात पुसत माझ्यासमोर आली आणि तिने हात पुढे केला, एखाद्या वडीलधाऱ्या माणसापुढे करावा तसा.

“मोठा मान दिलात, कोम्पाद्रे,” ती म्हणाली. “आभारी आहे तुमची.”

मुलाचा बाप आणि मुलाची माद्रिना एकमेकांचे कोम्पाद्रे आणि कोमाद्रे होतात. ते नाते रक्ताइतके घट्ट आणि त्याहून कडक. एकमेकांना आयुष्यभर ‘तुम्ही’ म्हणायचे, थट्टामस्करी बंद, एकमेकांच्या संकटाला धावून जायचे, पण नजर नेहमी आदराची. कोमाद्रेवर प्रेम करणाऱ्या माणसाबद्दल आमच्या म्हाताऱ्या आवाज खाली करून बोलतात. माझ्या आईच्या अशा अकरा कोमाद्रे होत्या. हे मी लहानपणापासून पाहिले होते. परंतु शपथेवर सांगतो, परसात उभा असताना त्यातले काही माझ्या मनात आले नाही.

हेच मी संध्याकाळी तियाला सांगितले.

“सुचलं नाही?” तिने मला भांडी विसळता विसळता विचारले. “गाढवा, ती पोर दोन गल्ल्यांवरची लाँड्री सोडून इथं टोपली उचलून येते, ती काय माझ्या साबणासाठी?”

“मी मान दिला, तिया.”

“मान! म्हातारीला मान देतात रे. तिला मान हवा होता?”

“मला खरंच सुचलं नाही.”

तियाने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि मग पुन्हा भांड्यांकडे वळली. रिगोचा निकाल मात्र अधिक थोडक्यात होता. “लोकांना मुली नकार देतात,” तो म्हणाला. “तू तिला तेवढाही त्रास पडू दिला नाहीस.”

त्यानंतर तीन शनिवार गेले. ती पूर्वीसारखीच पावणेआठला येई. आता बाकावर पाय खाली सोडून, पाठ ताठ ठेवून बसे.

“नवव्या मशीनचं पाणी गळतंय, कोम्पाद्रे. तुमच्या तियांना सांगाल का?”

“सांगतो.”

“तुमची तब्येत बरी आहे ना? डोळे ओढल्यासारखे दिसतात.”

“बरी आहे... कोमाद्रे.”

तिच्या त्या ‘तुम्ही’त राग असता तर मला बोलता आले असते. पण ती मनापासून आदराने बोलत होती. नवे नाते नेटके शिवून घेत होती, जसे ती कॉलर शिवत असेल. तिच्या चादरीवर आठवे फूल बसून आले. मी हात खिशात ठेवला. तिने स्वतः ते उचलले, जरा वेळ बोटांत धरले आणि दाराबाहेर टाकून आली.

कॅसेटी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आल्या. खोकी उघडताच नव्या छपाईचा वास खोलीभर पसरला. फेर्मिन कपाटात जाऊन रडला, आणि कोटांमुळे आवाज बाहेर येत नाही अशी त्याची समजूत होती. मी एक कॅसेट हातात घेतली. ती फार हलकी होती.

बाप्तिस्मा रविवारी, अकरा वाजता. परसात कागदी पताका लावल्या होत्या. कॅसेटींवर शिंपडण्यासाठी पाणी मागायला गेलेल्या रिगोला पाद्रीबुवांनी हसून हाकलून दिले होते. म्हणून ते काम डॉन हिलारिओंकडे आले, आणि ते त्यासाठी कोट घालून आले होते. “कोमाद्रेला बोलाव,” तियाने मला सांगितले. “माझ्या स्वयंपाकघरात आहे. आणि एलिसेओ... सावकाश आलास तरी चालेल.”

आरासेली इस्त्री करत होती. बाळाचे अंगडे देण्याचा मान माद्रिनाचा असतो; तिने कॅसेटसाठी अंगडे शिवले होते. तळहाताएवढे, पांढरे, गळ्याला लेस, खाली तीन बारीक चुण्या. इस्त्रीचे टोक ती त्या चुण्यांतून इतके जपून फिरवत होती, की मला दारातच उभे राहावे लागले.

“मापात बसतं का बघा,” ती म्हणाली. “रिकाम्या डबीवरून बेतलं.”

मी कॅसेट अंगड्यात सरकवली. ती अगदी बेताची बसली.

“छान झालंय.”

“बाह्या ठेवल्या नाहीत. कॅसेटला हात कुठले...” ती हसणार होती, पण हसली नाही. “एक विचारू, कोम्पाद्रे? तिया सांगत होत्या, तुम्हाला सुचलंच नाही म्हणून. माद्रिना केलं की हे नातं जडतं, हे.”

“हो,” मी म्हणालो. “सुचलंच नाही.”

“बरं.” तिने इस्त्री उभी करून ठेवली. “मग माझी काही तक्रार नाही. ज्याच्या मनात काही नसतं, त्याला असलं सुचत नाही. तो मान देतो आणि जेवायला बसतो. तसं असेल तर मी आता बाहेर जाईन, तुमच्या पोरीला कडेवर घेईन, आणि जन्मभर तुमची कोमाद्रे होईन. चांगली होईन. तुमच्या लग्नात केक माझ्याकडून.”

“आरासेली—”

“बोलू दे मला, नाहीतर राहून जाईल.” तिचे बोट टेबलाच्या कडेवर ताल धरू लागले होते, तिने ते मुठीत घेतले. “पण माहीत असून दिला असेल मान... तर मग तो माणूस घाबरला होता. मनात काही नसेल तर कुणी इतकं घाबरत नाही. आणि मला घाबरट माणूस चालतो. मी स्वतः तीन आठवडे ‘तुम्ही-तुम्ही’ करतेय, ती काय शूर आहे म्हणून? तसं असेल तर हे अंगडं मी तियांच्या हातात देते. त्या होतील माद्रिना. मी नाही.”

“कोमाद्रे!” बाहेरून रिगो ओरडला. “चला हो! डॉन हिलारिओंनी पाणी घेतलंय हातात, आता ते कुणावर तरी शिंपडणार!”

हशा झाला. मग कुणीतरी दहावे गाणे लावले. ते बाहेरून, खिडकीच्या जाळीतून आत येऊ लागले, आणि मध्यावर आले तेव्हा थांबले. चार ठोक्यांएवढी शांतता झाली.

तिने अंगड्यातली कॅसेट उचलून हातावर घेतली आणि माझ्याकडे पाहिले.

“खरं सांग, एलिसेओ,” ती म्हणाली. “माझं नाव घेतलंस तेव्हा तुला माहीत होतं?”

उत्तर तयार होते. तीन आठवडे मी ते सगळ्यांना दिले होते; तियाला, रिगोला, सकाळी आरशात दाढी करताना स्वतःला. वापरून वापरून ते इतके गुळगुळीत झाले होते, की तोंडातून आपोआप निसटले असते. बाहेर गाणे पुन्हा सुरू झाले. ती वाट पाहत होती. तिने माझ्यावरची नजर काढली नाही, आणि प्रथमच मीही काढली नाही.

“होतं,” मी म्हणालो. “मला माहीत होतं.”